लिनक्सवर प्रिंट निघत नाही? सगळं काढून परत टाकण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. ज्या जुन्या पीसीवर विंडोज ११ बसत नाही, अशा कितीतरी मशीनवर लोकांनी लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतलं. ब्राउझर चालतो, मराठी टायपिंग चालतं, हिशोबाची शीट उघडते, सगळे खूश. मग एक दिवस प्रिंट द्यायची वेळ येते आणि स्क्रीनवर "फिल्टर फेल्ड", "प्रिंटर स्टॉप्ड" किंवा "शेड्यूलर इज नॉट रनिंग" असलं काहीतरी येतं.

अशा वेळी मला येणारे बहुतेक फोन एकाच क्रमाने गेलेले असतात. आधी प्रिंटर काढून परत ॲड केला, मग दुसरा ड्रायव्हर टाकला, मग इंटरनेटवरून कुठलीतरी कमांड चिकटवली, आणि आता प्रश्न असा, की "फॉरमॅट मारू का?" नका मारू. लिनक्सवरचं प्रिंटिंग ही चार-पाच कड्यांची साखळी आहे आणि त्यातली बहुतेक वेळा एकच कडी तुटलेली असते. ती सापडली की दुरुस्ती दोन मिनिटांची असते. ती न शोधता सगळंच उपटून टाकलं तर आधी धड असलेल्या कड्याही बिघडतात आणि मूळ दोष तसाच राहतो.

एक सूचना. या लेखात कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

साखळी कशी आहे

लिनक्सवर प्रिंटिंग सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं नाव कप्स. मायकेल स्वीट यांनी ती लिहिली आणि १९९९ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आली. पुढे ॲपलने मॅकसाठी हीच व्यवस्था उचलली, २००७ मध्ये तिचा सोर्स कोड विकत घेतला, आणि आज लिनक्सच्या बाजूने तिचं काम ओपनप्रिंटिंग या प्रकल्पात चालतं. म्हणजे मॅकवर आणि तुमच्या जुन्या पीसीवर प्रिंटिंगचं मूळ एकच आहे.

तुम्ही प्रिंटचं बटण दाबता तेव्हा काय होतं ते बघा. लिब्रेऑफिस किंवा ब्राउझर आपला मजकूर साधारणपणे पीडीएफ करून कप्सच्या हातात देतो. कप्सची मुख्य सर्व्हिस, जिला शेड्यूलर म्हणतात, ती फाइल रांगेत लावते. नंबर आला की फिल्टर नावाचे छोटे प्रोग्रॅम त्या पीडीएफचं तुमच्या प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करतात. मग बॅकएंड नावाचा प्रोग्रॅम तो माल यूएसबी केबलमधून किंवा नेटवर्कवरून प्रिंटरपर्यंत पोचवतो. शेवटी प्रिंटर. एरर आली की तुम्हाला एवढंच शोधायचंय: काम शेड्यूलरपर्यंत पोचलं का, रांग चालू आहे का, रूपांतर झालं का, माल पोचला का?

सर्व्हिस चालू आहे का

पहिली कमांड "सिस्टिमसीटीएल स्टेटस कप्स". हिरव्या अक्षरांत ॲक्टिव्ह, रनिंग दिसलं तर पुढच्या भागाकडे चला. फेल्ड दिसलं तर तिथेच खाली शेवटच्या काही ओळींत कारण असतं. इनॲक्टिव्ह दिसलं तर मात्र लगेच घाबरू नका. काही सेटअपमध्ये कप्स गरज लागेल तेव्हाच उठतो आणि काम नसलं की परत झोपतो. त्याला उठवायचं काम "कप्स डॉट सॉकेट" नावाचं वेगळं युनिट करतं. त्यामुळे खरी परीक्षा "एलपीस्टॅट हायफन आर" या कमांडने घ्या. ती शेड्यूलरला हाक मारते, आणि उत्तर "शेड्यूलर इज रनिंग" आलं तर सर्व्हिस ठणठणीत आहे.

सर्व्हिस सुरूच होत नसेल तर मी तीन गोष्टी बघते. कोणीतरी सेटिंगची फाइल हाताने बदलली असेल तर "सुडो कप्सडी हायफन टी" ही कमांड फाइल तपासून चूक असलेली ओळ दाखवते. दुसरं, डिस्क भरली आहे का? "डीएफ हायफन एच" टाकून बघा. १२० जीबीच्या छोट्या एसएसडीवर लिनक्स टाकलेल्या मशीनवर हे वारंवार होतं. रूट पार्टिशन १०० टक्के भरलं की कप्सला रांगेतली फाइल ठेवायला जागाच उरत नाही, आणि स्क्रीनवर येणाऱ्या संदेशात डिस्कचा उल्लेख असेलच असं नाही.

तिसरी गोष्ट ऑफिसमधून घरी आणलेल्या लॅपटॉपवर सापडते. इटीसी फोल्डरमधल्या कप्स फोल्डरात "क्लायंट डॉट कॉन्फ" नावाची फाइल असू शकते. तिच्यात ऑफिसच्या प्रिंट सर्व्हरचा पत्ता असेल, तर तुमचा लॅपटॉप स्वतःच्या कप्सला विचारतच नाही. तो त्या दूरच्या सर्व्हरला हाका मारत बसतो आणि "शेड्यूलर इज नॉट रनिंग" म्हणतो. सर्व्हिस दहा वेळा रीस्टार्ट केली तरी फरक पडत नाही, कारण सर्व्हिस बंद नव्हतीच. "एलपीस्टॅट" नंतर हायफन आणि मोठा एच दिला की तो नक्की कोणाशी बोलतोय ते कळतं.

रांग थांबली आहे का

इथे मला जरा जास्त वेळ घालवायचाय, कारण सर्वाधिक लोक इथेच अडकतात.

माझ्या मावसभावाचं कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. एका परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, प्रिंटर मेला. समोर मुलं हॉल तिकीट घ्यायला उभी आहेत. मी विंडोजची सीडी शोधतोय." मी म्हटलं, सीडी राहू दे, आधी "एलपीस्टॅट हायफन टी" टाक आणि काय दिसतंय ते वाचून दाखव. त्याने वाचलं: शेड्यूलर इज रनिंग, मग प्रिंटरचं नाव, पुढे "डिसेबल्ड सिन्स" आणि दुपारी साडेतीनची वेळ. त्याखाली कामांची लांबलचक यादी. साडेतीनला काय झालं होतं? कागद अडकला होता, आणि तो काढताना यूएसबीची केबल निसटली. त्याने केबल परत लावली, प्रिंटरचा दिवाही हिरवा झाला. पण कप्सने दरम्यान ती रांग थांबवली होती आणि ती आपोआप सुरू होणार नव्हती. त्याने आणि मुलांनी मिळून तेवढ्या वेळात प्रिंटचं बटण पंचवीस-तीस वेळा दाबलं होतं. ते सगळं रांगेत साचलं होतं.

रांग परत चालू करायची कमांड साधी आहे: "सुडो कप्सएनेबल", पुढे प्रिंटरचं नाव. पण थांबा. ती कमांड त्या क्षणी दिली असती तर साचलेली सगळी कामं एकामागोमाग छापली गेली असती. एकाच हॉल तिकिटाच्या पाच प्रती, आणि दुपारी येऊन गेलेल्या कुणाकुणाच्या आधार कार्डाच्या प्रती, सगळ्या मुलांसमोर ट्रेमध्ये. म्हणून आधी "सुडो कॅन्सल हायफन ए हायफन एक्स", मग कप्सएनेबल. मुलांना हॉल तिकिटं मिळाली, आणि विंडोजची सीडी कुठे आहे हे त्याला अजून सापडलेलं नाही.

त्या कमांडमधला हायफन एक्स महत्त्वाचा आहे. नुसतं कॅन्सल केलं तर काम रद्द होतं, पण त्याची फाइल डिस्कवर राहू शकते. कप्स छापलेल्या कामांच्या फाइलसुद्धा मूळ सेटिंगप्रमाणे एक दिवस जपून ठेवतो, म्हणजे तेच काम परत छापता यावं. या फाइल व्हार, स्पूल, कप्स या फोल्डरात डी अक्षराने सुरू होणाऱ्या नावांनी पडलेल्या असतात. साध्या युजरला त्या उघडता येत नाहीत, पण रूट पासवर्ड असणाऱ्याला येतात. घरच्या पीसीवर याने काही बिघडत नाही. दुकानात, सेतू केंद्रावर किंवा शाळेत मात्र लोकांचे आधार, पॅन, मार्कशीट त्या फोल्डरातून जातात. तिथे "कप्सडी डॉट कॉन्फ" फाइलमध्ये "प्रिझर्व्हजॉबफाइल्स नो" अशी ओळ टाका. पहिला शब्द सलग, मध्ये स्पेस नाही. मग कप्स रीस्टार्ट करा. गिऱ्हाईक विचारणार नाही, तरी करा.

रांग परत परत थांबत असेल तर त्या प्रिंटरची एरर पॉलिसी बघा. "स्टॉप-प्रिंटर" असेल तर एका अडथळ्यावर सगळी रांग थांबते. "रिट्राय-जॉब" असेल तर कप्स थोड्या वेळाने स्वतःच परत प्रयत्न करतो. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ हा पत्ता उघडलात की कप्सचं स्वतःचं पान दिसतं. त्यात प्रिंटर निवडून "सेट डिफॉल्ट ऑप्शन्स" आणि तिथल्या पॉलिसी विभागात हे बदलता येतं. ते युजरनेम-पासवर्ड मागेल, तिथे तुमचाच लॉगिन द्यायचा. तरी "फॉरबिडन" आलं तर उबंटू, मिंट आणि डेबियनमध्ये तुमचा युजर "एलपीॲडमिन" ग्रुपमध्ये आहे का ते तपासा.

आणखी एक बारीक फरक. "डिसेबल्ड" म्हणजे रांग कामं घेते पण छापत नाही. "नॉट ॲक्सेप्टिंग" म्हणजे कामच घेत नाही. दुसऱ्यासाठी कमांड "कप्सॲक्सेप्ट" आहे. दोन्ही वेगवेगळी बटणं आहेत, एक दाबून दुसरं सुटत नाही.

फिल्टर फेल्ड

हा संदेश सगळ्यात बदनाम आणि सगळ्यात कमी माहिती देणारा. त्याचा अर्थ एवढाच, की पीडीएफचं प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करताना एखादा प्रोग्रॅम पडला. कोणता आणि का, ते लॉगमध्ये असतं. त्यासाठी क्रम असा: आधी "सुडो कप्ससीटीएल" आणि पुढे दोन हायफन लावून "डीबग-लॉगिंग". मग एकच पान प्रिंटला द्या. मग व्हार, लॉग, कप्स या फोल्डरातली "एरर_लॉग" फाइल उघडा. फेडोरावर ही माहिती सहसा जर्नलमध्ये जाते, तिथे "जर्नलसीटीएल हायफन यू कप्स" वापरा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर असतं. ई म्हणजे एरर, डब्ल्यू म्हणजे इशारा, डी म्हणजे तपशील. तुमच्या कामाचा जॉब नंबर धरून ई ची पहिली ओळ शोधा आणि तिच्या वरच्या पाच-सहा ओळी वाचा. शेवटची ओळ वाचून उपयोग नसतो, ती फक्त "स्टॉप्ड" म्हणते.

काम झालं की तीच कमांड "नो-डीबग-लॉगिंग" देऊन बंद करा, नाहीतर लॉग फुगत राहतो.

लॉगमध्ये काय सापडतं? एक नेहमीचा आरोपी म्हणजे "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". गंमत अशी, की ज्या फाइलबद्दल तो हे म्हणतो ती तिथे असते! तुम्ही फोल्डर उघडून बघता, फाइल समोर दिसते, आणि डोकं चक्रावतं. काही कंपन्यांचे जुने लिनक्स ड्रायव्हर ३२ बिटचे आहेत. ६४ बिटच्या सिस्टिमवर ३२ बिटच्या लायब्ररी नसतील तर तो प्रोग्रॅम सुरू करणारा लोडरच सापडत नाही, आणि सिस्टिम "फाइल नाही" असं उत्तर देते. नसतो तो लोडर, ड्रायव्हर नव्हे. ३२ बिटच्या लायब्ररी बसवल्या की प्रिंट निघते. भारतात घरोघरी असलेल्या कॅननच्या एलबीपी २९०० साठीचा कंपनीचा जुना ड्रायव्हर याच जातीचा आहे.

दुसरा प्रकार एचपीच्या काही लेझर प्रिंटरचा. लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलमध्ये फर्मवेअर कायमचं साठवलेलं नसतं. प्रिंटर चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. एचपीलिप या पॅकेजसोबत एक वेगळा प्लगइन लागतो आणि दोघांची आवृत्ती जुळावी लागते. सिस्टिम अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं आणि प्लगइन मागे राहिला, की काल छापणारा प्रिंटर आज गप्प. "एचपी-प्लगइन हायफन आय" चालवून नवा प्लगइन घ्या, प्रिंटर बंद करून चालू करा.

आणि कधी एरर काहीच नसते, पण कागदावर न कळणारी इंग्रजी चिन्हं पानामागून पानं येतात. पहिल्याच ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पीएस अशी अक्षरं दिसली तर समजा, की प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट ही भाषा येत नाही आणि आपण ती पाठवतोय. कागदाचा ट्रे आधी बाहेर ओढा, मग काम रद्द करा, मग ड्रायव्हर बदला.

मराठी मजकुराबद्दल एक वेगळी गोष्ट. साधी टेक्स्ट फाइल टर्मिनलमधून थेट प्रिंटला दिली तर कप्सचा टेक्स्ट फिल्टर देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवत नाही. तो फिल्टर तेवढ्यासाठी बनलेलाच नाही. तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून प्रिंट द्या. पीडीएफ स्क्रीनवर बरोबर दिसते आणि कागदावर मात्र अक्षरं फुटतात, असं असेल तर ऑक्युलर या प्रोग्रॅमच्या प्रिंट खिडकीत "फोर्स रास्टरायझेशन" हा पर्याय आहे. तो पान चित्र म्हणून पाठवतो. प्रिंट थोडी हळू निघते, पण फॉन्टचा प्रश्नच उरत नाही.

माल पोचतोय का

रूपांतर झालं, तरी कागद हलत नाही आणि रांगेत "वेटिंग फॉर प्रिंटर टू बिकम अव्हेलेबल" दिसतं. आता बॅकएंड तपासा. यूएसबी असेल तर "एलएसयूएसबी" टाका. तिथे प्रिंटरचं नावच नसेल तर प्रश्न केबलचा, पोर्टचा किंवा हबचा आहे, लिनक्सचा नाही. नाव असेल तर "सुडो एलपीइन्फो हायफन व्ही" ने कप्सला तो कोणत्या पत्त्यावर दिसतो ते बघा आणि "एलपीस्टॅट हायफन व्ही" ने रांग कोणत्या पत्त्यावर पाठवतेय ते बघा. दोन्ही जुळत नसतील तर दोष सापडला.

अलीकडच्या उबंटू-डेबियनमध्ये "आयपीपी-यूएसबी" नावाची सर्व्हिस असते. नवा प्रिंटर यूएसबीने जोडला की ती त्याला नेटवर्क प्रिंटरसारखा वागवते, म्हणजे ड्रायव्हर लागत नाही. पण प्रिंटर तिने धरून ठेवला की जुन्या पद्धतीने बनवलेल्या रांगेला तो हाती लागत नाही. सिस्टिम अपग्रेडनंतर प्रिंट थांबली असेल तर हा संशय आधी घ्या. जुनी रांग काढा आणि आपोआप आलेली वापरा.

वायफाय प्रिंटरचं दुखणं बहुतेक वेळा राउटरमध्ये असतं. लाइट गेली, परत आली, राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिला, आणि रांग जुन्याच पत्त्यावर माल पाठवतेय. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला की हे कायमचं मिटतं. "अनेबल टू लोकेट प्रिंटर" आणि नावाच्या शेवटी "डॉट लोकल" असेल तर "अवाही-डेमन" ही सर्व्हिस चालू आहे का बघा, ती नावावरून पत्ता शोधते.

काहींच्या यादीतून नेटवर्कवरचे प्रिंटर एके दिवशी गायबच झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोन मार्गारितेली या संशोधकाने "कप्स-ब्राउझ्ड" या मदतनीस सर्व्हिसमधली गंभीर सुरक्षा त्रुटी जाहीर केली. यूडीपी ६३१ पोर्टवर ती कुणाचंही ऐकत होती. त्यानंतर अपडेट आले, आणि बऱ्याच ठिकाणी ॲडमिननी ती सर्व्हिसच बंद केली. तुमच्या ऑफिसात तसं झालं असेल तर ती परत चालू करायच्या मागे लागू नका. प्रिंटरचा पत्ता देऊन रांग हाताने बनवा, एकदाच करायचं काम आहे.

जाता जाता, प्रिंटर ॲड करताना "प्रिंटर ड्रायव्हर्स आर डेप्रिकेटेड" असा इशारा येतो, त्याने बरेच जण बिचकतात. ती एरर नाही, आजचं काम त्याने अडत नाही. कप्सच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीत, ३.० मध्ये, जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर राहणार नाहीत. त्यांच्या जागी प्रिंटर ॲप्लिकेशन नावाचे वेगळे प्रोग्रॅम येत आहेत. नवा प्रिंटर घ्यायला दुकानात जाल तेव्हा खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का ते बघा. असे प्रिंटर लिनक्सवर सहसा ड्रायव्हरशिवाय चालतात. दुकानदार "लिनक्सचं काही माहीत नाही" म्हणाला तरी चालेल, त्याला एवढंच विचारा की आयफोनवरून थेट प्रिंट निघते का.